माजघरातली हिरवळ

कुणाच्याही घरी गेले की काका आधी चपला काढायचे, मग खिशातून एक पांढरा चेंडू काढायचे, आणि घरधन्यानं ‘बसा’ म्हणायच्या आत तो हळूच जमिनीवर सोडायचे. मोठ्या लिंबाएवढा, टणक, अंगभर खळ्या पडलेला चेंडू. तो कुठं जातो ते मान तिरकी करून बघायचे. चेंडू कोपऱ्याकडे निघाला की म्हणायचे, “तुमचा घर दक्षिणेक कलता.” आणि मग खाली बसायचे.

वाडीला याची सवय होती. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत तो चेंडू घरंगळत थेट चौरंगाखाली गेला. भटजींनी पोथीवरची नजर न काढता डाव्या हातानं तो काकांकडे परत सरकवला. एकदा मुलगी बघायला गेलेल्या मंडळींत काका वडीलधारे म्हणून होते, तिथं चेंडू पडवीतून आत गेला तो गेलाच. थोड्या वेळानं चहाच्या ट्रेमध्ये कपांच्या मधोमध ठेवून मुलगीच तो बाहेर घेऊन आली. लग्न जमलं. मुलीबद्दल काकांचं मत मात्र शेवटपर्यंत तेच: “चेडू बरा, पण तेंच्या पडवेक उतार आसा.”

या खेळाला गोल्फ म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं. वाडीत त्याला ‘काकांचो खेळ’ म्हणत.

आम्ही लातूरकडचे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढं लग्न झालं, आमचे हे रेडीला खनिजाच्या टिपरवर ड्रायव्हर म्हणून लागले आणि मी त्यांच्या मागं या समुद्राच्या कडेला आले. माहेरी जायचं म्हणजे एस्टीत रात्र काढून वर दुसरा दिवस. इथं ओळखीचं कुणी नाही, भाषा कळायची पण अर्धी. पहिली खोली गणपतीच्या तोंडावर गेली. मालकिणीचे दीर मुंबईहून सहकुटुंब येणार होते. “गणपती झाले की बगू,” म्हणाली, आणि गणपती झाल्यावर दुसऱ्यालाच दिली. पुढची खोली तर सामान उतरवायच्या आत गेली. मालकाला आमचे हे टिपरवर आहेत हे कळलं. “घाटावयले, तेतूर टिपरवाले,” एवढंच म्हणाला आणि दार लावलं.

मी तिठ्यावर ट्रंक, स्टोव्ह आणि वळकटी घेऊन बसले होते. हे खोली शोधायला गेले होते. समोरून एक उंच, वाळका म्हातारा छत्री काखेत मारून आला. थांबला.

“कोणाची वाट बगतस गो?”

“खोलीची,” मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

“खोली चलान येवची नाय,” तो म्हणाला. “चल.”

तेच काका. त्यांच्या घराला लागून बाहेरून वेगळं दार असलेली एक खोली होती. तिच्यात आणि त्यांच्या माजघरात एकच भिंत, मातीत रचलेल्या चिऱ्यांची, वरून चुना. त्यांनी दार उघडलं आणि सवयीनं चेंडू जमिनीवर ठेवला. चेंडू हलला नाही. काका तसेच उभे राहिले, चेंडूकडे बघत. मग खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, काकाही आता नाही म्हणणार.

त्यांनी चेंडू उचलून खिशात टाकला. “रव,” म्हणाले, म्हणजे राहा, आणि गेले.

शेजारी एक मावशी होत्या, मासे विकायच्या. टोपली उतरवल्यावर माझ्या दाराशी पाय पसरून बसायच्या आणि वाडीची सगळी हकिकत सांगायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, “तुका म्हायत आसा मा, तू खंय ऱ्हवतस ती?”

“म्हणजे?”

“आख्ख्या घरात हीच एक जमीन सपाट. बाकी सगळा उताराचा. आजवर कोणाक दिली नाय तेंनी ही खोली. हयसर तेंका खेळाची हिरवळ करूची होती. तुका बगून तेंचा काय झाला, देव जाणे.” आणि हसत पुढं म्हणाल्या, “आता बसले आसतीत पस्तावत!”

त्यांनी गमतीनं म्हटलं. माझी मात्र त्या दिवसापासून झोप हलकी झाली.

काका पूर्वी रेडी बंदरावर कारकून होते. लाँचमधून मोठ्या बोटीवर जायचं, माल किती चढला ते लिहायचं, परत यायचं. लग्न केलेलं नव्हतं. एकदा एक परदेशी बोट मालासाठी बरेच दिवस खोळंबून राहिली. तिच्या कप्तानानं आपल्या खोलीबाहेरच्या बोळात हिरव्या गालिच्याची पट्टी अंथरली होती. पट्टीच्या टोकाला एक वाटी आडवी. कप्तान काठीनं चेंडू ढकलायचा आणि चेंडू वाटीत जायचा नाही, कारण बोट डुलायची. काकांनी एकदा विचारलं, मी मारू? मारला, तो गेला. मग रोज. बोट निघाली तेव्हा कप्तानानं ती लोखंडी दांड्याची काठी आणि दोन चेंडू काकांना देऊन टाकले आणि सांगितलं, की डुलत्या बोटीवर हे काही खरं नाही, खरा खेळ जमिनीवर.

“तवसून जमीन शोधतंय,” काका म्हणायचे.

आम्ही राहायला गेलो तेव्हा त्यांचा शोध माजघरात चालू होता. तिथं भांडं नाही, पेटी नाही, देवसुद्धा पडवीत आणलेले. एका टोकाला जमिनीत नारळाच्या करवंटीएवढं भोक आणि त्यात खरंच करवंटी बसवलेली. आधी त्यांनी मांडववाल्याकडून जुना हिरवा गालिचा आणला. त्यात कुठल्या कुठल्या लग्नांतल्या टाचण्या आणि अक्षता निघाल्या आणि चेंडू दर हातावर अडखळू लागला. मग जमिनीला शेवाळी रंगाचा ऑइलपेंट दिला. त्यावर चेंडू असा सुटायचा की करवंटी ओलांडून मागच्या दारानं विहिरीकडे निघायचा, आणि एकदा त्याच्या मागोमाग काकाही निघाले. कंबर धरून पडवीत आठवडाभर बसले होते. मावशी रोज विचारायच्या, “काय कप्तानानू, बोट डुलली काय?”

“हसा,” काका म्हणायचे. “हिरवळ झाली की तुमकाच पयलो चेंडू मारूक देतलंय.”

भिंतीपलीकडून दिवसभर आवाज यायचा. टक्. मग चेंडू घरंगळल्याचा. मग बराच वेळ काही नाही. मग काका स्वतःशीच, “नाय. उतार.” माझा जीव त्या एका शब्दाला टांगलेला. त्यांच्या जमिनीला उतार सापडला, की मला वाटायचं, आता काका माझ्या जमिनीची आठवण काढणार.

आणि माणूस तर असा की माझ्या आईनंसुद्धा जास्त केलं नसतं. फोन त्यांच्या पडवीत होता. महिन्या-दोन महिन्यांनी गावच्या बूथवरून आई फोन लावायची. काका भिंतीवर थाप मारून हाक द्यायचे, “बाय गो, आवस!” मी धावत जायची, आणि काका रिसीव्हर माझ्या हातात देऊन बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन उभे राहायचे. पाऊस असला तर छत्री घेऊन. मला मोकळेपणी रडता यावं म्हणून. फोन ठेवल्याचा आवाज झाल्याशिवाय आत यायचे नाहीत, आणि आल्यावर काही विचारायचे नाहीत. फार तर म्हणायचे, “तुमच्याकडे पावस कसो?” आमच्याकडे बहुतेक नसायचाच.

एकदा मी खोली सारवत होते. आमच्याकडे सारवताना हात अर्धगोल फिरवतात, ओळीनं मोरपिसं मांडल्यासारखा. काका दाराशी येऊन उभे राहिले.

“ह्या काय केलंस?”

“सारवलं, काका.”

“ता दिसता. पण गोल कित्याक?” जमीन वाळल्यावर ते परत आले, चेंडू सोडला. चेंडू माझ्या बोटांच्या रेघांवरून वळवळत गेला. काका कळवळले. “बगलंस? रेघा लागतत तेका. उभ्या मार. दारासून भिंतीपर्यंत, सरळ.”

मी पुढच्या वेळेपासून उभं सारवू लागले. हात चालायचा आणि डोकं चालायचं. खोली माझी, राहते मी, मग माझ्या रेघा कशा असाव्यात याची यांना काय चिंता?

उन्हाळ्यात ते मिस्त्रीला घेऊन आले. मी आत भाकरी करत होते. मिस्त्रीनं भिंतीवर पलीकडून थापा मारल्या. काकांचा आवाज आला, “हेच्यातसून वाट काढूक येयत?”

“येयत. पण आतली बायमाणूस?”

“ता मी बगतंय,” काका म्हणाले.

भाकरी तव्यावर करपली. रात्री हे आल्यावर मी सांगितलं. हे म्हणाले, “एवढं मनात कुढत बसण्यापेक्षा विचार की त्यांना सरळ.”

“विचारलं आणि हो म्हणाले तर?”

त्यात मला दिवस गेले होते. घाटावरची, टिपरवाल्याची बायको, आणि आता रडणारं पोर. चौथी खोली कोण देणार होतं? दिवस गेल्याचं मी मावशींशिवाय कुणाला सांगितलं नाही. काकांसमोर जाताना पदर ओढून घ्यायची. त्यांनी खोलीकडे बघितलं की उगीच ट्रंक सरकवायची, स्टोव्ह मधोमध ठेवायची, खोली भरलेली दिसावी म्हणून.

भिंतीला हात लागायच्या आत पावसाळा आला आणि बंदर बंद झालं. खनिज थांबलं की हे मालाच्या ट्रकवर गोव्याला जायचे आणि दोन-दोन दिवस इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर रांगेत अडकायचे. मी एकटी. त्याच दिवसांत काकांना त्यांची हिरवळ सापडली.

वाडीबाहेर एका शेतकऱ्यानं भाताचा तरवा टाकला होता. लावणीआधी रोपं दाट पेरतात ना, ती. कुणी कात्रीनं कापल्यासारखी सारखी, पोपटी, मऊ. काका बांधावर उकिडवे बसले आणि पुष्कळ वेळ त्यावरून तळहात फिरवत राहिले, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग उठले आणि बियाणं मागून आणलं.

काकांच्या घरात कुणी कधी शेती केली नव्हती. त्यांनी माजघरात टोपल्यांनी माती आणून पसरली, चोपली, आणि घरात तरवा पेरला. झारीनं सकाळ-संध्याकाळ पाणी. बातमी पसरली. आतल्या गावांतले शेतकरी लावणी सोडून बघायला आले. दाराशी उभे राहून आत डोकावायचे.

“काकानू, हयसर ऊन खंय आसा?”

काकांनी तेही केलं. भर आषाढात छपरावरची कौलं काढली आणि काचेची कौलं बसवली. ती नीट बसली नाहीत. उजेड आला तो आला, त्याच्या दुप्पट पाऊस आला. रोपं उगवली खरी. पण पिवळट, लांब, आणि सगळीच्या सगळी काचेच्या कौलांकडे मान करून उभी. काकांनी चेंडू मारला तो त्यात बुडाला. दुसराही बुडाला. काका गुडघ्यावर बसून भातात चेंडू शोधत होते आणि दारातून एकजण विचारत होता, “लावणेक देतास काय? आमका चार मुठी कमी पडतत.”

मी पण हसले. पण घरी येऊन भिंतीला हात लावला आणि हसू गेलं. भिंत घामेजली होती. चुन्याचे पापुद्रे सुटलेले, आणि चिऱ्यांमधल्या मातीत बोट आत गेलं, कणकेत जावं तसं.

सांगावं तर भिंत पाडायला मी स्वतःच निमित्त देणार. न सांगावं तर रात्री त्याच भिंतीला पाठ लावून झोपायचं. संध्याकाळी गेले. “काका,” म्हणाले, “भिंत ओली झालीय.”

ते झारी ठेवून उठले. माझ्या बाजूनं येऊन भिंत दाबली. खालून वरपर्यंत बघितली. चेहरा उतरला. त्या वेळी त्यांनी चेंडू काढला नाही.

“तू आजपासून मावशेकडे रव,” म्हणाले. “सामान मगे बगू.”

मला एवढंच ऐकू आलं. सामान मगे बगू.

मी मावशींकडे झोपायला गेले. त्यांनी सांगून सांगून जेवायला बसवलं. काका त्या रात्रीपासूनच माजघरातली माती टोपल्यांनी उपसून बाहेर टाकत होते, रोपांसकट. सकाळी बघितलं तर खळ्यात पिवळ्या भाताचा ढीग, आणि काका चिखलानं माखलेले, अजून टोपली भरतायत. मी दुपारी खोलीत आले. ट्रंक भरावी की राहू द्यावी कळेना म्हणून दोन साड्या आत टाकल्या, एक बाहेर काढली. तेवढ्यात मावशींची आरोळी आली, “गो धाव! कुत्रो पडवेत शिरलो! माशे व्हरता!” मी तशीच अनवाणी धावले.

कुत्रं हाकलून मी काठी खाली टाकली आणि मागं आवाज झाला. फार मोठा नाही. ट्रकमधून मातीचा माल ओततात तसा, लांबत गेलेला.

मी धावत आले. छप्पर खांबांवर होतं म्हणून जागच्या जागी होतं. भिंत नव्हती. माझ्या खोलीत चिऱ्यांचा ढीग, आणि ढिगावर काका. कप्तानाची काठी एका चिऱ्याखाली घालून तो उचलायला बघत होते. काठी वाकली. त्यांनी ती फेकून दिली आणि हातांनी उकरू लागले. नखांतून रक्त येत होतं. “बाय गो! आवाज दी! बाय गो!” माझ्या दाराबाहेर माझ्या चपला होत्या, नीट जोडीनं ठेवलेल्या.

मी म्हणाले, “काका, मी इथंय.”

ते वळले. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.

“चपला घालून जावक काय झाला तुका?” ते केवढ्यानं तरी ओरडले. “माणूस खंय गेला कसा कळतला? आँ? चपला कित्याक आसतत?” आणि चिऱ्यांवरच खाली बसले. बराच वेळ माझ्या चपलांबद्दलच बोलत होते. मावशींनी पाणी आणून दिलं तर त्यांनाही तेच सांगू लागले.

पुढचे दिवस मी मावशींकडे. काकांनी एकट्यानं चिरे उचलून एका बाजूला रचले. माझं सामान पुसून पडवीत ठेवलं, त्यांच्या देवांच्या शेजारी. एका दुपारी मी काही आणायला गेले तर ते माजघराच्या पार त्या टोकाला उभे होते. भिंत नसल्यामुळं सगळं घर एक झालेलं. त्यांनी वाकून हातानंच चेंडू सोडला. तो निघाला, माजघराच्या उतारावरून माझ्या सपाट जमिनीवर आला, माझ्या उभ्या सारवलेल्या रेघांवरून सरळ गेला आणि पलीकडच्या भिंतीला टेकून थांबला. काका बघत राहिले. एवढी लांबी त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती.

मी आवाज न करता परत फिरले आणि मावशींना सांगितलं.

“गावला तेंका काय होया ता,” मावशी म्हणाल्या. सापडलं त्यांना हवं ते. पण या वेळी हसल्या नाहीत.

हे इन्सुलीहून आले. मी म्हणाले, दुसरीकडं बघा. त्यांनी चार ठिकाणी विचारलं. गणपती जवळ आलेले, मुंबईकरांसाठी खोल्या धरून ठेवलेल्या. माझं पोट आता पदरात लपत नव्हतं. रात्री आम्ही दोघं मावशींच्या पडवीत बसून लातूरच्या गाडीची वेळ बोलत होतो. तिकडं गेले तर बाळंतपण होईल, पण हे इकडं, मी तिकडं, आणि परत येणं कधी कुणास ठाऊक.

पाऊस जरा उघडल्यावर मिस्त्री आला. मावशी म्हणाल्या, “जा गो, बग तरी काय करतत ते.” मी गेले. जे काय असेल ते तोंडावर ऐकावं म्हणून.

मिस्त्री जुन्या भिंतीच्या जागी चुन्याची रेघ मारत होता. काका म्हणाले, “हयसर नाय. अलीकडे घे.”

“कुणाच्या अलीकडे?”

“माझ्या.”

मिस्त्रीनं वर बघितलं. “काकानू, माजघर आखूड होयत. खेळाक जागा उरात काय?”

काकांनी वर छपराकडे बोट केलं. माजघरावरून एक जाड तुळई गेली होती. “ही तुळय तिच्या बाजूक जावक होयी.”

“ती कित्याक?”

“मगे पाळणो खंय टांगतली? कौलांक?”

मिस्त्री माझ्याकडे वळला, मग रेघ पुसू लागला. काका तुळईखालून चालत त्यांच्या माजघरात बरेच आत गेले, पायानं खूण केली, आणि दोरीचं एक टोक तिथं खुंटीला बांधू लागले. हातांना अजून चिंध्या गुंडाळलेल्या.

इतके महिने जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते तेव्हा बाहेर पडलं. “काका, म्हणजे आम्ही राहायचं?”

“नाय तर भिंत कोणासाठी बांधतंय? माका एकट्याक भिंत कित्याक होयी?” ते वैतागून म्हणाले. “उगीच उभी रवा नको. दुसरा टोक धर.”

त्यांनी दोरी माझ्याकडे टाकली. मी पदर खोचला, माझ्या बाजूच्या खुणेवर बसले आणि टोक धरलं. दोन्ही हातांनी धरलं. दोरी जमिनीपासून वर उचलली गेली, ताठ झाली, माझ्या खोलीच्या कडेनं.

“बाये,” मिस्त्री म्हणाला, “इतक्या ताणू नको. तुटात.”